व्हॅनिलाच्या डब्यातली मटकी

१९३७ साली जॉन बेटजमन या कवीने इंग्लंडातल्या आमच्या स्लाऊ गावावर एक कविता छापली आणि तीत चक्क बॉम्बना आमंत्रण दिलं, की या आणि हे गाव एकदाचं उडवा. कारखाने आणि पैसेवाले साहेब यांच्या जोडीने त्याचा राग डबाबंद खाण्यावरही होता. डब्यातली फळं, डब्यातलं दूध, डब्यातलं मांस, सगळं त्याने नाव घेऊन झोडपलंय. ती कविता गावाला अजून चिकटून आहे. मला ती आठवते घराच्या विम्याचे कागद आले की. त्यांत शेवटाकडे, जिथे वाचणाऱ्याचा दम संपतो तिथे, एक ओळ असते: युद्धामुळे झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. म्हणजे उद्या कुणी खरंच कवीचं ऐकलं, तर बॉम्ब मोफत आणि नवं स्वयंपाकघर आपल्या खर्चाने.

डब्यांवर एवढा चिडणारा हा माणूस आमच्याकडे जेवायला आला असता, तर मी त्याला जेवू घातलं असतं, पण फ्रीझर दाखवला नसता.

स्लाऊतल्या मराठी घराची ऐपत ओळखायची असेल तर दारातल्या गाडीकडे बघू नका, ती बहुधा हप्त्यांवर असते. फ्रीझर उघडा. वरच्या खणात फार्नम रोडवरून आणलेली खवलेल्या नारळाची पाकिटं, मटार, मेथी. त्याखाली उकडून ठेवलेले कोथिंबीर वडीचे उंडे, पुरणाचे गोळे, भिजवून मोड आणलेली कडधान्यं. मग हापूसचा रस, मे महिन्यात पेटीने आंबे घेऊन काढलेला, जो थेट पुढच्या पाडव्याला उजेड बघतो. ही साठेबाजी उगाच नाही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याला बंदी घातली होती, पेट्यांमध्ये फळमाशी सापडली म्हणून. २०१५ च्या जानेवारीत बंदी उठवायचं ठरलं, पण एक अख्खा मोसम हुकला तो हुकलाच. त्या वर्षीची धास्ती इथल्या बायकांच्या मनातून अजून गेलेली नाही. आणि सगळ्यात तळाशी सुरमई आणि बोंबील, शाकाहारी पाहुण्यांची नजर जाऊ नये म्हणून तीन पिशव्यांत गुंडाळलेले.

हे सगळं आम्ही नोकऱ्या करणाऱ्या बायका करत नाही. ते करतात व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आया आणि सासवा. विंडसरचा किल्ला इथून एका स्टेशनावर. तो एकदा बघून होतो, ‘आपल्या पन्हाळ्याची सर नाही’ असा शेरा मारून होतो, आणि मग उरलेले पावणेसहा महिने फ्रीझर भरण्यात जातात. माझ्या सासूबाई कऱ्हाडच्या. विमानतळावर निरोप घेताना त्यांनी नातवाला जवळ घेतलं आणि मला सांगितलं, ‘दुसऱ्या खणात डावीकडे मटकी आहे, आधी ती संपव.’

तर असा हा ऐवज. बँकेच्या लॉकरमध्ये माझ्या दोन बांगड्या आहेत, त्यांच्यासाठी इतकी जागरूक मी कधी नव्हते.

इंग्लंडात घराचा विमा दोन भागांत असतो. एक इमारतीचा, एक आतल्या सामानाचा. इमारतीचा नसेल तर बँक कर्ज देत नाही. सामानाचा नसेल तर कुणी विचारतही नाही. कुठली वस्तू कशात मोडते हे ठरवायला इथे एक जुनी कसोटी सांगतात. मनातल्या मनात घर उचलायचं, उलटं करायचं आणि हलवायचं. खाली पडेल ते सामान, चिकटून राहील ती इमारत. आम्ही एका रविवारी चहा पिता पिता हे करून बघितलं. ओटा चिकटून राहिला. मिक्सर पडला, कुकर पडला, इडलीपात्र पडलं, नवऱ्याने हौसेने आणलेलं आणि एकदाच वापरलेलं पास्ता मशीन पडलं. देवघरापाशी मात्र गाडी अडली. देवघर भिंतीला चार स्क्रूंनी बसवलेलं आहे. तेव्हा देवघर इमारतीत आणि आतले देव सामानात, असा निर्णय झाला.

खरी पंचाईत कपाटाच्या दाराआड बसवलेल्या फ्रीझरची. तो पडेल की राहील? यावर विमा कंपन्यांतही एकमत नाही. कुणी त्याला फिटेड किचनचा भाग मानून इमारतीत घालतं, कुणी सामानात. फ्लॅट असेल तर गुंता आणखी वाढतो. स्टेशनाजवळ हॉर्लिक्सचा लाल विटांचा जुना कारखाना आहे. शंभराहून जास्त वर्षं तिथे हॉर्लिक्स तयार झालं, २०१८ मध्ये तो बंद पडला आणि आता तिथे फ्लॅट्स आहेत. फ्लॅटमध्ये इमारतीचा विमा बहुधा जागामालकाच्या वतीने काढलेला असतो आणि त्याचे पैसे मेंटेनन्समधून आपणच देतो. तेव्हा भिंतीतला फ्रीझर बिघडला की आधी तो कुणाचा, इथपासून सुरुवात. जिथे दूध आटवून वर्षभर टिकेल अशी पूड करत होते, तिथे आता लोक नासलेल्या दुधासाठी कुणाला फोन करायचा ते शोधत बसतात.

तसा या धंद्याचा उगमच स्वयंपाकघराच्या आसपासचा. १६६६ ची लंडनची आग पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत लागली, चार दिवस शहर जळत होतं, तेरा हजारांवर घरं गेली. त्यानंतर पंधरा-एक वर्षांत निकोलस बारबॉन नावाचा गृहस्थ घरांना आगीचा विमा विकू लागला. पावाच्या भट्टीपासून निघालेली ही गाडी साडेतीनशे वर्षांनी आमच्या मटारपाशी येऊन थांबली आहे.

आमचा फ्रीझर गेला तो हमीची मुदत संपल्यावर, शिष्टाचार पाळून. रात्रभर घरघरला आणि पहाटे गप्प झाला. नवऱ्याने पॉलिसी काढली. यांत्रिक बिघाड, विजेचा बिघाड आणि वयोमानाने होणारी झीज यांची भरपाई नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. फ्रीझरने आगीत जावं, पुरात जावं, वरच्या मजल्यावरची नळी फुटून जावं, चोरीला जावं. नैसर्गिक मरण चालत नाही. पण चार पानं पुढे एक वेगळंच कलम निघालं: फ्रीझर बंद पडून आतलं अन्न खराब झालं, तर अमुक पौंडांपर्यंत भरपाई मिळेल.

नवऱ्याने ते दोनदा वाचलं. ‘म्हणजे फ्रीझर गेला हे आपलं नशीब, आणि मटार गेले ही त्यांची जबाबदारी?’

तसंच ते असतं. बऱ्याच पॉलिसींत असतं. यंत्राला किंमत नाही, त्याच्या पोटात काय होतं त्याला आहे. उलट तोच फ्रीझर चोराने उचलून नेला असता, तर त्याच्या जागी कोरा नवीन मिळाला असता. त्यामुळे जुनं यंत्र घरघरायला लागलं की आज मागचं दार जरा लोटूनच ठेवावं का, असा विचार भल्या माणसाच्याही मनात येतो. त्याचाही उपयोग नसतो. कुलूपच लावलं नव्हतं म्हटल्यावर चोरीचा क्लेमही बहुतेक ठिकाणी अडतो. अन्नाची भरपाईही सरसकट नाही. बिल थकलं म्हणून वीज तोडली असेल तर नाही. काही पॉलिसींत फ्रीझर ठरावीक वयाच्या वरचा असेल तर नाही. आणि घर सलग तीस दिवस, काहींत साठ दिवस, रिकामं असेल तर कितीतरी कलमं आपोआप गळतात.

हे तीस दिवसांचं कलम ज्याने लिहिलं त्याची बायको नक्की पुण्याची नसणार. इथल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी सहा आठवड्यांची. मराठी कुटुंब भारतात गेलं की पूर्ण सहा आठवड्यांनीच परत येतं. त्यातला एक आठवडा झोपेचा, एक लग्नाच्या आहेराचा, एक दाताच्या डॉक्टरांचा, आणि उरलेले ‘आमच्याकडे एकदाही जेवायला आला नाहीत’ या तक्रारीचे. बेचाळीस दिवस होतात. सुदैवाने नवऱ्यांची रजा तेवढी नसते. ते तीन-चार आठवड्यांत परततात आणि मॅगी खाऊन का होईना, घर ‘वापरात’ ठेवतात. माझ्या मैत्रिणींना हे समजल्यापासून त्यांनी नवऱ्याच्या लवकर परतण्याबद्दल हळहळणं बंद केलंय.

लँग्लीला आमचे एक स्नेही राहतात. त्यांचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठी घरात नवा फ्रिज आला की जुना टाकत नाहीत, त्याला निवृत्त करतात. यांनी तो गॅरेजमध्ये नेला, पेन्शनवर ठेवला आणि गणपतीच्या महाप्रसादाची सगळी बेगमी त्यात भरली. पुढच्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, गॅरेजचं दार उघडावं तर फ्रीझरमधून पाणी वाहतंय. वीज चालू, दिवा चालू, आत सगळं मऊ. त्यांनी विमा कंपनीला फोन लावला आणि म्हणाले, ‘फार थंडी पडल्यामुळे माझा फ्रीझर वितळला.’

पलीकडून थोडा वेळ काहीच आलं नाही. मग त्यांना तेच वाक्य सावकाश परत म्हणायला सांगण्यात आलं.

गंमत म्हणजे ते शब्दशः खरं होतं. घरगुती फ्रिज ठरावीक तापमानाच्या खोलीसाठी बनवलेला असतो. आतल्या पट्टीवर एन किंवा एसएन अशी अक्षरं असतात. एन म्हणजे खोली निदान १६ अंशांची हवी, एसएन म्हणजे १० अंशांची. साध्या फ्रिजमध्ये पुष्कळदा थर्मोस्टॅट एकच, आणि तो दूध-भाजीच्या कप्प्यात. गॅरेजमध्ये तीन अंश असले की थर्मोस्टॅट म्हणतो, इथे छान गार आहे, मी कशाला कष्ट घेऊ? कॉम्प्रेसर चालतच नाही. भाजी गार राहते आणि फ्रीझरचा कप्पाही हळूहळू त्याच तीन अंशांवर येतो, जिथे त्याने उणे अठरावर असायला हवं. कंपनीने उत्तर दिलं की यंत्र उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे वापरलेलं नाही, सबब क्षमस्व. आमचे स्नेही चिकाटीचे. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी गॅरेजमध्ये हीटर लावला, फ्रीझर गार राहावा म्हणून. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १८०० साली प्रिझम आणि थर्मामीटर घेऊन डोळ्यांना न दिसणारे उष्ण किरण शोधले ते याच स्लाऊत. उष्णतेने इतकं चक्रावून जायची या गावाची परंपरा जुनी आहे.

वीज जाणं इथे तसं दुर्मीळ. पण २० मार्च २०२५ च्या रात्री, इथून चार स्टेशनांवरच्या हेझमध्ये, नॉर्थ हाइडच्या उपकेंद्राला आग लागली. साठ हजारांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि दुसऱ्या दिवशी हीथ्रो विमानतळ बंद. पुढे चौकशीत निघालं की तिथल्या एका भागात ओल शिरल्याची खूण २०१८ मध्येच सापडली होती. होळी आठवड्यापूर्वी झालेली, पाडवा दहा दिवसांवर. म्हणजे फ्रीझरमध्ये उरलेल्या पुरणपोळ्याही होत्या आणि श्रीखंडासाठी राखलेला आंब्याचा रसही. सकाळी सगळ्या मराठी ग्रुपवर दोनच प्रश्न फिरत होते: आईचं विमान कुठे उतरवलं, आणि फ्रीझर उघडून बघू का?

उघडू नका, हेच त्याचं उत्तर. गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास. बहुतेक घरांची वीज काही तासांत आली, विमानतळावरची विमानं मात्र संध्याकाळी कुठे हलली. जगातला एक सगळ्यात गजबजलेला विमानतळ एका दिवसात कोलमडला. माझ्या सासूबाईंनी भरलेला फ्रीझर दोन दिवस सहज टिकला असता, आणि त्याला पर्यायी वीजपुरवठ्याची समितीही नेमावी लागली नसती. नुकसान झालंच असेल तर ते दर अर्ध्या तासाने दार उघडून ‘अजून गार आहे ना’ बघणाऱ्यांचं.

महाराष्ट्रात नासलेल्या अन्नासाठी कुणी विमा मागत नाही, कारण नासणं ही घटनाच आपल्याकडे मान्य नाही. भारनियमनाच्या वर्षांत कऱ्हाडकडे दिवसाचे आठ-दहा तास वीज नसायची. फ्रिज म्हणजे दार असलेलं कपाट. दूध फाटलं तर त्याचा कलाकंद व्हायचा, ताक आंबलं तर कढी, भात उरला तर फोडणीचा. क्लेम भरण्याआधीच नुकसान खाऊन संपवलेलं असायचं. तसं बघायला गेलं तर १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडेही ‘भारत गृह रक्षा’ नावाची पॉलिसी सगळ्या कंपन्यांना द्यावी लागते, आणि तीत इमारतीच्या विम्याच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख रुपयांचं घरातलं सामान यादी न देताही धरलं जातं. फ्रिज त्यात आला. कलाकंद नाही.

आमचा फ्रीझर गेला त्या सकाळी मी आधी मराठी ग्रुपवर टाकलं: ‘कुणाच्या फ्रीझरमध्ये जागा आहे का?’ सहानुभूती भरपूर आली, जागा कुणाकडेच नव्हती. सगळ्यांच्याच सासवा येऊन गेलेल्या. शेवटी धावून आली शेजारची पोलिश बाई. तिच्याकडे एक अख्खा खण रिकामा होता. माणसाच्या फ्रीझरमध्ये रिकामा खण असू शकतो हे मी प्रथमच पाहिलं. आमची सुरमई आणि नारळ तिच्या पिएरोगींशेजारी गेले. उरलेलं तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मऊ पडलं.

संध्याकाळी नवऱ्याने फोटो काढून कंपनीला पाठवले आणि दुसऱ्या दिवशी एका मुलाचा फोन आला. आवाज अगदी कोवळा, वागणं नम्र. फोटो समोर ठेवून तो यादी करत होता.

‘सर, मला इथे अकरा टब व्हॅनिला आइस्क्रीम दिसतंय. दोन लिटरचे. बरोबर?’

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. अकरा डब्यांवर व्हॅनिला लिहिलेलं होतं हे निर्विवाद. दोन लिटर व्हॅनिलाला बाजारात भाव आहे, पावतीसुद्धा लागणार नव्हती. पण खोट्या क्लेमने सगळाच क्लेम जाऊ शकतो, असं इथला २०१५ चा विमा कायदा सांगतो, आणि नवरा कायदा वाचून बसलेला.

‘ते आइस्क्रीम नाही,’ तो म्हणाला. ‘आठ डब्यांत मटकी आहे.’

‘मटकी.’

‘मोड आलेली. म्हणजे मुद्दाम आणलेली.’

अन्नाला मोड आले आहेत आणि ते मुद्दाम आणले आहेत, हे विमा कंपनीच्या माणसाला सांगण्याची वेळ कुणावर येऊ नये. खराब कधी झालं, मोड यायच्या आधी की नंतर, असं त्याने विचारलं. त्याचंही बरोबरच होतं. उरलेल्या तीन डब्यांत पुरण. ते काय असतं, हे सांगण्यात दहा मिनिटं गेली. डाळ आहे पण आमटी नाही, गोड आहे पण मिठाई नाही, आणि नुसतं खायचं नसतं. तो टाइप करत राहिला. मग म्हणाला की घरी केलेल्या पदार्थांचे साहित्याचे पैसे धरता येतील, तेवढा आकडा द्या.

नवऱ्याने कऱ्हाडला फोन लावला. ‘आई, तुझ्या पुरणाला साधारण खर्च किती येतो?’

‘का रे? विकायला काढलंयस का?’

त्याने सगळं समजावलं. सासूबाईंनी हिशेब घातला: हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलदोडे, जायफळ. जायफळ पाव धरायचं की अर्धं, यावर दोघांचं थोडं वाजलं. मग त्यांनी विचारलं, ‘आणि दोन दिवस पुरणयंत्र फिरवलं त्याचं काय लिहिलंस?’

‘ते धरत नाहीत, आई.’

‘गॅस धरतात?’

‘नाही.’

‘मग कसला विमा मेला. आणि मटकीचं सांगितलंस का, आधी ती संपवायची होती म्हणून?’ यापुढे फोन माझ्या हातात आला.

डाळ, गूळ, मटकी आणि पावत्या असलेले मटार मिळून जी बेरीज झाली, तिच्यातून एक्सेस वजा झाला. एक्सेस म्हणजे नुकसानीचा पहिला भाग आपण सोसायचा. प्रीमियम स्वस्त पडावा म्हणून नवऱ्याने तो स्वतःहून वाढवून घेतलेला. हातात पडली ती रक्कम जेमतेम एका शनिवारच्या बाजाराची, आणि ‘क्लेम न केल्याबद्दल’ची सवलत गेली ती वेगळीच. मऊ पडलेलं सगळं डब्यांसकट टाकून दिलं होतं. त्यामुळे आलेल्या पैशांतून आम्ही सगळ्यात आधी आइस्क्रीम आणलं, दोन लिटरचे सहा टब, व्हॅनिला. मुलं आठवडाभर खूश होती. डबे लागणारच होते, सासूबाईंचं एप्रिलचं तिकीट काढलंय.